पाटकरी मामा आणि हवेच्या लाटा

आमचे पाटकरी मामा सोड्याची बाटलीसुद्धा चार टप्प्यांत उघडत. कोरेगावकडच्या कालव्याची दारं उघडण्यात त्यांची सगळी हयात गेली. दार झटक्यात उचललं की लाट सुटते आणि बांध फोडते, म्हणून घाईनं केलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचा विरोध असे. लग्नाला होकारही त्यांनी तीन खेपांत दिला, असं मामी सांगते.

मी सांगलीत हवामानाचं संशोधन करत होते. वारा डोंगरावर आदळला की हवा वर उसळते, आपल्या वजनानं खाली येते, पुन्हा उसळते. अशा लाटा आभाळात उंच चढत जातात. त्या संगणकावर हुबेहूब चालवून दाखवायच्या, हा माझा विषय. माझ्या लाटा सह्याद्रीवरून झकास चढत आणि मग एकमेकींत मिसळून पडद्यावर सगळ्या आभाळाचा चिखल होई. गाईडनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर विषय बदला, म्हणाले. चार वर्षांनी विषय बदलणं म्हणजे घरी आलेल्या पहिल्या स्थळाला हो म्हणणं.

सुट्टीत मामांना हे सगळं लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. त्यालाही वेळ लागला.

"तुजं आभाळ संपतंय कुटं?"

"तीस किलोमीटरवर. कुठंतरी थांबवावंच लागतं, मामा."

"मग तितं दार बंद हाय. लाट आपटून माघारी येतीया. आमी पाटाच्या चारीच्या टोकाला बाभळीच्या फांद्या टाकतो. लाट त्यात शिरती, दमती, गप हुती. तू काय टाकलंयस?"

"काहीच नाही."

"मग लाटंला कशाला नावं ठेवतीस?"

वरच्या टोकाला लाटा शोषणारा थर ठेवावा, हे माझ्या प्रत्येक पुस्तकात होतं. पण खऱ्या आभाळात जे नाही ते घालणं मला लबाडी वाटे. तसं मी मामांना सांगितलं.

"आगं, तुजं दार तरी कुटं खरं हाय?"

थर घातला. लाटा वर गेल्या आणि गप झाल्या.

प्रबंध छापून आला तेव्हा मामा सांगलीतच दवाखान्यात होते. तिथूनही नव्या पाटकऱ्याला फोन करून पाणी कुठवर आलं ते विचारत. मी आभाराचं पान वाचून दाखवलं. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'निवृत्त पाटकरी'.

"निवृत्त कशाला लिवलंस?"

"पुढच्या छपाईत काढते, मामा."

प्रबंधाला पुढची छपाई नसते, हे आम्हा दोघांत मलाच माहीत होतं. चौथ्या दिवशी मामा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले, प्रत मागवली आणि तो शब्द पेनानं खोडला. ग्रंथपाल बाई ओरडल्या. मी तिथेच बसून रडले.