नातीचं जड पिस्तूल

मारायच्या वस्तूचं वजन मला ठाऊक हाय. नवऱ्यानं मला जल्मभर मारलं ते बाभळीच्या फोकेनं. चहात साखर कमी पडली तरी फोक उठायची, न्हाई पडली तरी उठायची. तिला वजनच न्हाई, म्हणून तिला कारण लागायचं न्हाई. कुऱ्हाड त्यानं माझ्यावर एकदाच उचलली. ती खांद्याच्या वर जाईपर्यंत त्याला काय आठवलं कोण जाणे, खाली ठेवली आन् फोक हुडकायला गेला.

पण कुऱ्हाड उचलल्यावर माणूस थांबतंच असं न्हाई. माझ्या धाकट्या दिराला त्याच्या चुलतभावानं बांधावर तोडलं. बांधावरचं लिंबाचं झाड कुणाचं, इतकंच भांडण. मी पलीकडं सोयाबीन काढत व्हते. पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेत. मी पळत गेले, पदर जखमेत कोंबला. पदर भिजला, हात भिजले, रगत काही थांबलं न्हाई. मारणारा तिथंच कुऱ्हाड घेऊन उभा, आन् मला म्हणतो, "वैनी, पाणी आणा." कुणासाठी मागत व्हता ते मला आजवर कळलं न्हाई.

नवरा मेल्यावर मी रेणापूरकडचं गाव सोडलं, लातूरला आले. क्लासच्या पोरांसाठी मेस असतात तिथं भाकरी थापते. तिथंच वर एक खोली हाय भाड्याची. अकरावीला माझी नात माझ्याकडं राहायला आली. तिचा बाप म्हणजे माझा पोरगा. त्यानं तिला डॉक्टर व्हायच्या क्लासला धाडलं व्हतं, आन् ती कॉलेजातल्या पोरींसंग पिस्तूल मारायला शिकली. हवेचं पिस्तूल, बारीक छर्रा निघतो त्यातून. ती म्हणली, आजी, यानं माणूस मरत न्हाई. मी म्हणलं, डोळा तर जातो ना.

पोराला कळलं तसा तो लातूरला आला आन् तिला जिन्यातच मारलं. बापासारखाच त्याचा हात. मग काही महिन्यांनी ती कुठंतरी पहिली आली, पेपरात फोटू आला, गावात भाऊबंदांनी त्याच्या गळ्यात हार घातला. तवा त्याला ते गोड लागलं. त्यानंच तिला एक पिस्तूल घेऊन दिलं. पण तोंडानं म्हणला ते असं, की दसरा झाला की नांदेडला राज्याच्या स्पर्धेसाठी निवड हाय, तिथं निवडली तर खेळू दे पुढं. न्हाई निवडली तर तुळशीचं लगीन लागलं की हिचंही लावून टाकतो. निलंग्याचं स्थळ व्हतं. तिथला पोरगा ट्रॅक्टरचा धंदा करायचा, पहिली बायको माहेरी पळून गेलेली. कामून पळाली ते कुणी विचारलं न्हाई. मला विचारायची गरज न्हवती.

एक दिवस नात मला तिच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिला शिकवणारे सर हायत, फौजेतून आलेले. त्यांनी टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली. एक तिचं, हलकं. दुसरं तिथलं, जड, नळीखाली लोखंडाचे तुकडे स्क्रूनं बसवलेले. सर म्हणले, आजी, धरून बघा. मी धरलं. नात हसली, म्हणली सर, बाजूला व्हा, हिला कुणाकुणाचा हिशोब करायचाय ठाऊक न्हाई. मी म्हणलं, तो तर कवाच मेला.

सरांनी मला समजावलं. हलकं धरून हात थकत न्हाई, पण हात जितका हलंल तितकं तेही हलतं. जड पिस्तूल बारीक थरथर पिऊन टाकतं. पण एका हातानं लांब धरून शेवटचा छर्रा जाईपर्यंत खांदा टिकला पाहिजे. न्हाईतर नळी खाली बसते आन् छर्रा खाली लागतो. नातीला हलकंच आवडायचं. झटकन वर येतं, म्हणायची. तिचा नेम बी बरा लागत व्हता त्याच्यावर, म्हणून सरांनी जोर केला न्हाई.

खंडेनवमीला आम्ही दोघी गावाकडं गेलो. पोरानं सांगितलंच व्हतं पिस्तूल घेऊन ये म्हणून. आमच्यात त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पुजतात. कुऱ्हाडी, कोयते, विळे, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची चावी, सगळं पाटावर मांडलं, आन् मधोमध त्यानं पिस्तूल ठेवलं. भाऊबंद बोलवले व्हते बघायला. नात हळूच म्हणली, पप्पा, याला नुसतं फूल वाहा, ओलं काही लावू नका. तितक्यात भाऊबंदातला एक जण म्हणला, पोरीचं खेळणं देवापुढं कशाला, दोन बांगड्या बी ठेव बाजूला. सगळे हसले.

मग माझ्या पोरानं काय करावं? त्यानं तेलात कुंकू कालवलं आन् त्या पिस्तुलाला कुऱ्हाडीसारखं माखलं. नळीवर, मुठीवर, छर्रा घालायच्या फटीत बोट घालून हळद भरली. वर दगडावर नारळ आपटला तो इतक्या जोरात, की सगळं पाणी पिस्तुलावर.

नातीनं झडप घालून ते उचललं, ओढणीनं पुसायला लागली. म्हणली, "वाटोळं केलं तुमी." सगळ्यांदेखत.

त्यानं तिच्या कानाखाली मारली, ती पडली न्हाई. पिस्तूल हिसकून पाटावर टाकलं. मग तिचा उजवा हात धरला, पाठीमागं पिरगळला, इतका की ती गुडघ्यावर आली. माझी सून पाया पडली त्याच्या, तिला लाथ बसली, ती चुलीपाशी जाऊन पडली. त्यानं पाटावरची कुऱ्हाड उलटी धरून दांड्यानं पोरीच्या पाठीत घातलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. भाऊबंद 'अरे राहू दे, सणाचा दिवस हाय' म्हणत व्हते, जागचा कुणी हलत न्हवता. आवाज असा येत व्हता, जसं ओली गादी बडवतात.

ती पाटावर तोंडघशी पडली. विळे, कोयते सगळे विस्कटले. आन् ती वळली तवा पिस्तूल तिच्या हातात, नळी बापाच्या डोळ्यावर. हात वर येताना मी बघितलाच न्हाई. न्हवता, आन् मग व्हता. सुजत चाललेल्या हातातच धरलेलं.

त्यात छर्रा न्हाई हे मला ठाऊक व्हतं, तिला ठाऊक व्हतं. बापाला ठाऊक न्हवतं. त्याच्या हातातली कुऱ्हाड तशीच वर राहिली. बांगड्यांची मस्करी करणारा दाराकडं सरकला. नातीचं बोट चापावर. तिचा चेहरा मी वळखला. जल्मभर तो चेहरा माझ्यापुढं उभा राहिलेला, फोक हातात घेऊन.

मी म्हणलं, "बाई, खाली घे."

तिनं घेतलं खाली. आन् घेतलं तसं त्यानं तिला पुन्हा मारलं. आता भ्यायलेला माणूस व्हता तो, भ्यायलेला माणूस जास्ती मारतो. मी मधी पडले. माझा पुढचा दात गेला तो तवाचा. कुऱ्हाडीचा दांडा लागला का त्याचं कोपर, सांगता येत न्हाई.

सकाळच्या एष्टीनं तिला घेऊन लातूरला आले. दवाखान्यात म्हणले, मनगटाचं हाड शाबूत हाय पण आतनं मुरगळलंय, पट्टा बांधा, आराम द्या. आराम कुठला, नांदेड तर तोंडावर आलेलं. सरांनी पिस्तूल उघडलं. आतमधी तेल, हळद, कुंकू यांचा चिखल. ते म्हणले, हे बाहेर दुरुस्तीला धाडावं लागंल, नांदेडच्या आत येणार न्हाई. कुणी केलं हे असं त्यांनी विचारलं न्हाई. तिच्या गालावर दिसत व्हतं.

मग त्यांनी पुन्हा दोन पिस्तुलं ठेवली टेबलावर. एक हलकं, दुसऱ्या एका पोरीचं मागून आणलेलं. आन् ते जड. म्हणले, हलकं घे, मनगट सुजलंय, जड घेतलंस तर अर्ध्यातच हात खाली येईल. त्यांचं बरोबरच व्हतं.

नातीनं जड उचललं. सर चिडले, म्हणले ही जिद्द करायची जागा न्हाई, तुझं सगळं पणाला लागलंय. तिनं ते खाली ठेवलं न्हाई. सर पलीकडं गेले तवा माझ्याकडं न बघता म्हणली, "आजी, त्या दिवशी मी उचललंच न्हाई. ते आपोआपच वर आलं. छर्रा असता तर मी दाबला असता."

मी म्हणलं, "हाव. मी बघितलं."

"हे वर आणायला येळ लागतो. तितक्यात मला कळतं, मी काय करतेय ते."

मी तिला दिराचं सांगणार व्हते, की जड हातात असलं तरी माणूस मारतो. न्हाई सांगितलं. तिला जे कळलं व्हतं ते तिचं व्हतं.

मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिचं मनगट शेकायचे. सरांनी जड पिस्तूल खोलीवर नेऊ दिलं व्हतं, ती भिंतीकडं तोंड करून ते धरायची, छर्रा न घालता. घाम फुटायचा. ओठ चावून रगत काढायची. सराव संपला की बोटं मिटायची न्हाईत, मी घास भरवायचे.

नांदेडला मी संग गेले. मोठा हॉल, पोरी ओळीनं उभ्या, आया मागं बाकड्यांवर डबे घेऊन. मुखेडची एक बाई माझ्या शेजारी बसलेली, ती म्हणली, तुमची पडली व्हय कुठं? मी म्हणलं हाव, पडली. ती माझ्या दाताच्या जागेकडं बघून म्हणली, तुमी बी संगच पडल्या वाटतं. मी हसले. काय करता.

नातीचे पहिले छर्रे खालीच गेले. सरांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, त्यावरून मी समजले. बाकीच्या पोरी पटपट मारत व्हत्या, आन् हिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं. नुसती उभी. हात लोंबत सोडलेला. मला वाटलं संपलं, आता निलंगा. मग तिनं उचललं, सावकाश, बादली विहिरीतून वर काढावी तसं. मारलं. ठेवलं. पुन्हा उभी. दर छर्र्याला तसंच. हलकं असतं तर ठेवलं नसतं तिनं, मारत सुटली असती. येळ संपायला आला तवा तिचा शेवटचा गेला. निवडलेल्यांत तिचं नाव सगळ्यात खाली व्हतं. पण व्हतं.

दोन-तीन दिवसांनी पोरगा खोलीवर आला. मी चुलीपाशी, ती कॉटवर. म्हणला, निलंग्याची माणसं थांबायला तयार न्हाईत, सामान भर. मी म्हणलं, निवड झाली, तू शब्द दिला व्हता. तो म्हणला, माय, बायांना दिलेला शब्द गावात कोण मोजतं?

त्यानं तिचं मनगट धरलं. तेच, पट्ट्याचं. ओढलं. कॉटवर तिच्या बाजूलाच पिस्तुलाची पेटी व्हती. माझा जीव त्या पेटीत. ती उठून उभी राहिली, पेटीकडं तिनं बघितलं सुदीक न्हाई. निशाणापुढं राहतात तसे पाय फाकवले, आन् राहिली. त्यानं ओढलं, झटका दिला, दुसऱ्या हातानं तोंडावर मारलं. ती पांढरी पडली, नाकातून रगत आलं, पाय जागचे हलले न्हाईत.

"ओढा पप्पा," ती म्हणली. "हात तुटंल. मी येणार न्हाई."

दारात मेसची पोरं जमली व्हती. मी पिठाची काटवट बाजूला सारली आन् दोघांच्या मधी जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्यावर हात उगारला. त्या पोरांकडं बघितलं. तसाच बाहेर गेला, चपला बी नीट घातल्या न्हाईत. पुढं निलंग्याची सोयरीक मोडली. तिचा बाप आजवर आला न्हाई.

मी तिचं नाक पुसायला पाणी घेतलं. ती म्हणली, थांब. पेटी उघडली, जड पिस्तूल काढलं, भिंतीकडं धरलं. छर्रा न्हाई, काही न्हाई. हात असा थरथरत व्हता की नळी सगळ्या भिंतीवर फिरत व्हती. नाकातलं रगत हनुवटीवरून गळ्यात उतरलं, तिनं पुसलं न्हाई. थरथर थांबेपर्यंत धरून राहिली. मग हळूच खाली ठेवलं, पेटी लावली आन् म्हणली, "आजी, भाकर टाक."