हुसेनमियाँची आलिमा

राजापूरच्या खाडीकाठच्या हुसेनमियाँनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती, पण एका कादंबरीनं त्यांचा संसार उधळायला घेतला.

रियाधच्या अल सुलै भागात ते टायरच्या गोदामात कामाला होते. तिथला रखवालदार इब्राहीम सुदानी, आणि चक्क कादंबरीकार. इंग्रज साहेब गेला, खुर्चीवर देशी कारकून बसला आणि खुर्चीनं त्याचाच साहेब केला, अशी त्याची गोष्ट. सुदानचं सरकार म्हणालं, एक ओळ गाळ. यानं गाळली नाही, तुरुंगात गेला. पुस्तक जाळलं गेलं, उरलं ते याच्या तोंडात. इराकची क्षेपणास्त्रं येऊ लागली, की दोघं विषारी वायूच्या धास्तीनं तोंडाला ओले टॉवेल बांधून टायरांआड बसत आणि इब्राहीम गोष्ट पुढे नेई.

आखातातली माणसं तेव्हा पत्राऐवजी आपला आवाज कॅसेटींत भरून घरी पाठवत. हुसेनमियाँ बायकोला, मुन्नीला, ही गोष्टच पाठवू लागले. गोष्टीतला कारकून 'मी' म्हणून बोले, म्हणून हेही 'मी'च म्हणत. कादंबरी आहे हे सांगायचं मात्र राहिलं. धन्य तो माणूस! आणि त्या 'मी'नं आलिमा नावाची विधवा, तान्ह्या पोरीसकट, घरात आणून ठेवली.

मुन्नीची कॅसेट आली. "आम्ही इथं तुमच्या जिवासाठी दुवा मागतोय, आणि तुम्ही तिकडं निकाह लावताय?"

यांनी खुलासा धाडला. उत्तर आलं, "कादंबरी म्हणे! लढाईत कोण कादंबऱ्या सांगतो? ती बया गेली नाही, तर मी माहेरी चालले."

"सरकारसाठी ओळ गाळली नाही," इब्राहीम भडकला, "तुझ्या बायकोसाठी बाई मारू?"

सायरन कोकलत होता. हुसेनमियाँनी हात जोडले. "सरकारशी तुला संसार करायचा नव्हता, इब्राहीमभाई."

इब्राहीमनं टॉवेल सोडला, आलिमाला तापानं मारलं आणि स्वतःच ढसाढसा रडला. ते मुन्नीला सांगताना हुसेनमियाँनाही रडू आवरेना. तेही कॅसेटीत भरलं गेलं.

पुढच्या कॅसेटीत मुन्नीचा आवाज बसला होता. "तिच्या नावानं फातिहा दिली. मेलेलीवर कसला राग? पण ती पोर कुणाकडं आहे? आपल्याला अल्लानं मूल दिलं नाही. तिला घेऊन या. मी झोळी बांधून ठेवलीय."

हुसेनमियाँनी सगळं सांगितल्यावर इब्राहीमनं टेपरेकॉर्डर त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "पोरीला मी नाव ठेवलं नव्हतं. तुझ्या बायकोला ठेवू दे."

हुसेनमियाँनी बटण दाबलं, "मुन्नी" म्हणाले, आणि बाकीची कॅसेट कोरीच फिरत राहिली.