कॅरिनचं बंद दार

घरात परकं कुणी राहायला आलं की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. त्यात माझ्यासारखी, कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी घरात असेल तर विचारूच नका!

नव्वदनंतरची गोष्ट. बाबा सिल्वासात सुताच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. मी बसने वापीला कॉलेजला जायची. तिथल्या एका क्लबतर्फे डेन्मार्कची कॅरिन वर्षभर शिकायला आमच्या क्वार्टरमध्ये आली. क्लबच्या देसाईमॅडम बजावून गेल्या, "महिनाभर बघू. तिला नाही रुचलं, तर पुण्याच्या एका घरी हलवू."

मला तिथेच घाम फुटला. एकुलत्या एक मुलीला आयती बहीण मिळत होती हो, ती महिन्यातच गेली तर!

*

पहिल्याच दुपारी कॅरिन खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्याकडे दार लागायचं ते कपडे बदलताना, नाहीतर भांडणानंतर.

"रुसली वाटतं," म्हणत आईने लिंबाचं सरबत नेऊन दार ठोठावलं. कॅरिनने सरबत घेतलं, थँक यू म्हटलं, दार लावलं. आई चिवडा घेऊन गेली. मग केळं.

"अगं, अभ्यास करू दे तिला!" बाबा वैतागले.

"दार लावून? अभ्यासाला लाज कसली?"

रोज हेच. दार उघडलं की आई आधी विचारायची, "रुसली?" कॅरिनचा पहिला मराठी शब्द 'नमस्कार' नव्हता, 'रुसली?' होता!

*

वरच्या कोकिळाबेन बंद दार बघून कुजबुजल्या, "भाभी, झगडो थयो के शुं?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळलं, की आम्ही परदेशी पोरीला रडवलं! बाबांना ऑफिसात देसाईमॅडमचा फोन आला, "काही प्रॉब्लेम आहे का?"

बाबांनी हे घरी सांगितलं आणि माझ्या हातातलं ताट पडलं.

*

कॅरिन स्वतः मात्र सगळीकडे ठोठावायची. आमच्या स्वयंपाकघराला दारच नव्हतं, तर भिंतीवर टकटक! मी दर वेळी दचकायची.

"घरचीच ना तू? ठोठावतेस काय?" आईने हातवारे करून समजावलं.

दुसऱ्या सकाळी ती थेट बाबांच्या खोलीत. बाबा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत! त्यांनी घाईघाईने पेपर आडवा धरला.

"घरची!" कॅरिन हसून म्हणाली.

*

शेवटी मीच धीर करून आईला सांगितलं, "त्यांच्याकडे दार लावलं म्हणजे राग नसतो गं. तू सारखी गेलीस, तर कंटाळून जाईल ती पुण्याला."

आईचा चेहरा उतरला. "नाही ठोठावणार," ती म्हणाली.

*

महिना संपला आणि देसाईमॅडम आल्या. मुलीशी एकटीशी बोलायचं, असा क्लबचा नियम. दोघी खोलीत गेल्या. दार लागलं.

बाहेर आम्ही तिघं. सरबताचे पेले ओट्यावर तसेच.

"नेऊ का गं?" आईने हळूच विचारलं.

"नको!"

आई पदर बोटाला गुंडाळत बसून राहिली. आतून काही ऐकू येईना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मी दचकून उभीच राहिले. कॅरिन तरातरा आईसमोर आली. कपाळाला आठ्या.

"आई, दार बंद. खूप वेळ. तू आली नाही!"

मग खाली वाकून, आईच्या तोंडाकडे निरखून बघत तिने विचारलं, "रुसली?"