अर्लीनचे कान

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या आमच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात, अर्लीन कोवालचुक एकतीस वर्षं नर्स होती. स्वभावाने खाष्ट, पण कान असे तिखट की डॉक्टरही तिला विचारायचे. श्वासाची नळी घातलेल्या पेशंटची कूस बदलली की नळी जागची हलली नाही ना, ते पाहावं लागतं. नळी किती आत आहे ते कळायला आम्ही आधी ओठाशी नळीवरचा आकडा वाचायचो. ती सरळ स्टेथोस्कोप लावायची.

"आकडे काय वाचता गं, शाळेत आहात का? छाती ऐका!"

गेल्या वर्षापासून तिला कमी ऐकू यायला लागलं. शेजारी फोन वाजला तरी बाई ढिम्म. माझ्या ते लक्षात आलं होतं. एकदा जेवताना म्हणाली, "नोरीन, निवृत्तीला आठ महिने उरलेत. कुठे बोललीस तर बघ!" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटायची.

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही दोघींनी हकाला नावाच्या आजोबांचं अंग पुसलं, कूस बदलली. कागद गिरणीतला जुना कामगार. न्यूमोनिया झालेला, पण हळूहळू सुधारत होता. अर्लीन छाती ऐकायला लागली. डावीकडे ती जरा जास्तच रेंगाळली. नळी आत सरकली तर उजव्या फुप्फुसात शिरते आणि डावीकडे हवाच जात नाही, हे मला तिनेच शिकवलेलं.

"दोन्हीकडे सारखं आहे," ती म्हणाली.

अर्लीनने सांगितल्यावर मी कशाला आकडा बघायला जाते!

दुपारी त्यांचा ऑक्सिजन घसरला. एक्सरेत नळी तीन सेंटीमीटर आत गेलेली आणि डावं फुप्फुस मिटलेलं दिसलं. नळी लगेच वर ओढली, पण आजोबा सावरले नाहीत. शुक्रवारी गेले.

सोमवारी आमच्या प्रमुख बेव्हने दोघींना बोलावलं. अर्लीनने काही लपवलं नाही.

"डावीकडे काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, माझेच कान गेलेत. म्हणून दोन्हीकडे सारखं आहे म्हणाले. त्या दिवशी कान बरोबर होते गं माझे."

एवढं बोलून ती रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बेव्हने विचारलं, "तुला कमी ऐकू येतं, हे इथे आणखी कुणाला माहीत होतं?"

अर्लीनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणालाच नाही."

बेव्हने ते लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि गप्प राहिले.