सवय लावून देताना

माझी नात बरोबर साडेआठला झोपायची. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की कॉलनीतले लोक मला पाहून रस्ता बदलत असतील. पण सांगण्यासारखंच होतं ते. पुण्याहून माझ्याकडे आली तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती आणि हातात मोबाइल असल्याशिवाय डोळा मिटत नव्हती. तिथली सांभाळणारी बाई काम सोडून गेलेली, लेक-जावई दोघंही नोकरीला. "बाबा, दोन महिने बघा," म्हणत लेकीने तिला माझ्याकडे आणून सोडलं. त्या दोन महिन्यांचं वर्ष कधी उलटून गेलं, कळलंही नाही. बायको गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. मी कशाला नाही म्हणतोय!

मी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचो. एका कामानंतर दुसरं, रोज त्याच क्रमाने, हे माझ्या हाडात मुरलेलं. तेच मी नातीला लावलं. दिवे लागले की मोबाइल कपाटात. मग वरण-भात, मग हातपाय धुणं, मग तळपायांना खोबरेल तेल. नंतर तिला कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहायचं आणि एकेकाला निजवायचं. स्कूटर झोपली. पाण्याची टाकी झोपली. समोरच्यांची शेळी झोपली. कूलर तेवढा जागा, कारण राखण त्याच्याकडे. नळाला पाणी यायच्या दिवशी गल्लीभर मोटारी घुरघुरत असायच्या, तेव्हा टाकीला "आज तू जागीच राहा" असं सांगावं लागे. शेळीचा नंबर येईपर्यंत माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालेलं असायचं. त्या वजनाची मला सवय झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात लेक-जावई सुट्टी काढून आले. पुण्यात नातीचा शाळेत प्रवेश झाला होता, तिला न्यायचं होतं. पहिल्याच संध्याकाळी लेक मोठ्या हौसेने तिला घेऊन खोलीत गेली. पोरीने घर डोक्यावर घेतलं. "आबा पाहिजे! तू जा!"

शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या. "काका, लेकरू लई रडतंय, पडलंबिडलं का?"

शेवटी मीच खोलीत गेलो आणि पोरगी लगेच झोपली. आधी मला अभिमानच वाटला. मग स्वयंपाकघरात पाहिलं तर लेक ओट्याला टेकून रडत होती.

"मला 'तू जा' म्हणती ती, बाबा. आई आहे ना मी तिची?"

माझा अभिमान तिथेच गळाला. "शिकवतो की," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्यालापण बोलव. दोघांनापण शिकावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग सुरू झाला. जावई भला माणूस, पण तेल असं चोळायचा की पोरगी खिदळून आणखीच जागी व्हायची. "जावईबापू, सायकलची चेन नाय ती," मी म्हणायचो. तोही हसून पुन्हा वाटीत बोटं बुडवायचा. पुण्यात अकराव्या मजल्यावर शेळी कुठली आणणार, म्हणून लिफ्टला आणि वॉशिंग मशीनला निजवायची तालीम झाली. आणि मी रोज थोडा थोडा मागे सरकत गेलो. आधी पलंगाच्या कडेला बसलो, मग खुर्चीवर, मग दाराशी, मग बाहेरच्या खोलीत. पण तिथून मी नुसता खोकलो तरी ती उठून बसायची.

एका संध्याकाळी लेक चाचरत म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर फिरून येता का?"

स्वतःच्या घरातून बाहेर! राग आला, पण तिचं बरोबर होतं. चपला अडकवल्या आणि क्रांती चौकापर्यंत चालत गेलो. दुकानं गजबजलेली, हॉर्नचा कलकलाट, आणि मी एका रसवंतीसमोर फोनकडे बघत उभा. खरं सांगतो, पोरीने माझ्यासाठी रडावं असं वाटत होतं, आणि लेकीचा चेहरा आठवला की रडू नये असंही वाटत होतं. फोन वाजला. "बाबा, झोपली! माझ्या कुशीत झोपली!" लेक इतकी आनंदली होती की मी तिला शाबासकी दिली. रसाचा ग्लास तसाच ठेवून घरी आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते तिला घेऊन गेले. पुण्याहून लेकीचा रोज फोन यायचा. सुरुवातीला सांगायची, "आबा कुठाय म्हणून विचारत होती." मग सांगायला लागली, "आज एकदाच विचारलं." आणि मग एके दिवशी, पेढे वाटावेत तशा आवाजात, "बाबा, आज तुमचं नावसुद्धा काढलं नाही. तेल लावलं आणि गाढ झोपली!" मी म्हटलं, "छान." खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला राहवेना. एका दुपारी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पुण्याचं तिकीट काढायला गेलो आणि तिथूनच लेकीला कळवलं.

"बाबा, रागावू नका. आत्ता कुठं सवय लागलीय तिला. तुम्हाला पाहिलं की परत सगळं पहिल्यापासून. दिवाळीत या ना. तोवर पक्कं होईल."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. दुसऱ्या कुणा आईने विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

तिकीटवाल्याने विचारलं, "काका, कधीचं देऊ?"

मी "नको" म्हणालो, बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हमसून हमसून रडलो.