आम्हाला चालू म्हणून लिहा

आमच्या वन्संना सगळी ओळ ‘तारबाई’ म्हणते. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एकोणीस गाळ्यांची आमची पत्र्याची ओळ आहे, तिच्यातल्या सातव्या गाळ्यात त्या गेली चौतीस वर्षं स्प्रिंगा बनवतात. पंपाच्या, कुलपांच्या, शिलाई मशीनच्या, दारांच्या. हनुवटीवर एक पांढरा व्रण आहे. तार कापताना टोक सुटलं आणि सपकन बसलं, तेव्हाचा. टाके घालून घरी यायचं सोडून बाई थेट मशीनवर आल्या. माझं लग्न होऊन तेव्हा आठवडा झाला होता. मी मनात म्हटलं, अगं बाई, कुठे येऊन पडले मी!

लग्न त्यांनी केलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, “सवड झाली नाही.” सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा वन्सं एकवीस वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा शाळेत होता. सासऱ्यांनी मशीन विकायला काढली. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात आलं, तर वन्संनी त्याला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं, “विकायची नाहीत, मी चालवणारे.” सासरे आतून बघत राहिले म्हणे. त्या दिवसापासून हे असंच. बाईंनी एकदा ठरवलं की ठरलं, मग कुणी कितीही डोकं आपटा.

त्या स्प्रिंगा वळायच्या आणि मी त्या तपासायची, तेल लावायची, खोक्यात भरायची. बावीस वर्षं माझं एवढंच काम. भांडायला मात्र आम्ही दोघी बरोबरीच्या.

एके काळी या ओळीत सव्वाशे माणसं कामाला होती. मग गावाबाहेरचा पंपांचा कारखाना बंद पडला, पाठोपाठ कापडाची गिरणी गेली. आमच्याकडे तीन मशीन आणि पाच माणसं होती, ती दोन मशीन आणि दोन माणसांवर आली. एक मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात क्रेन चालवायला गेला. आता तो आमच्या घरी फोनमध्ये राहतो. आणि पालिकेचं डोकं बघा! मोठे कारखाने गेले, कर गोळा होईना, तर त्यांच्या वाटणीचा कर आमच्या बोडक्यावर. वर्षात दीडपट! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वन्सं नुसत्या म्हणाल्या, “ओरडून कमी होणार आहे का? भर जाऊन.”

तर मोजणीची गोष्ट. पालिकेची नोटीस आली की अमुक दिवशी साहेब येऊन चालू गाळे किती आणि बंद किती हे बघणार. आता आमच्याकडे कुणी मोठ्या कंपनीचा माणूस माल तपासायला येणार असला की एक रीत ठरलेली आहे. आदल्या संध्याकाळपासून मशीन थांबवायची, लोखंडाचा कीस झाडून काढायचा, फरशी धुवायची, हत्यारं पुसून ओळीने मांडायची. घाणेरडा गाळा बघितला की तो माणूस ऑर्डर देत नाही. त्यामुळे साहेब येणार म्हटल्यावर अख्खी ओळ कंबर कसून झाडायला लागली. गंजलेली दारं पुसली. एरवी काळ्या हातांनी फिरणारे लोक धुतलेले शर्ट घालून, हात बांधून दारात उभे. मी स्वतः आमची फरशी अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं.

साहेब आला, तरुण होता. चहा नको म्हणाला. प्रत्येक उघड्या दारातून आत डोकावला, फळीला लावलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि अर्ध्या तासात गेला. आम्ही एकमेकांकडे बघून खूश. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला म्हणाला, “एका शब्दाने बोलला नाही, म्हणजे नाव ठेवायला जागाच नव्हती!”

आठवड्याने पालिकेच्या फलकावर यादी लागली. एकोणीसच्या एकोणीस गाळे बंद.

खाली लिहिलं होतं की ज्या ओळीत निम्म्याहून जास्त गाळे बंद आहेत ती जागा काढून घेऊन मालाच्या गोदामाला दिली जाईल. जागा गेली म्हणजे मशीन भंगारात, आणि आम्ही क्रेनवाल्याच्या एका खोलीत. वेल्डिंगवाला तिथेच पायरीवर बसला. “आपणच आपल्या हातांनी झाडून काढलं,” तो म्हणाला.

वन्सं पायरीवर बसणाऱ्यातल्या नाहीत. मला दंडाला धरून सरळ आत घेऊन गेल्या. मोजणीचा साहेब टेबलाशी होता.

“साहेब, आम्ही बंद नाही,” वन्सं म्हणाल्या.

“मशीन थांबलेली होती. फरशीवर कीस नाही, तेल नाही. कामाच्या वेळी माणसं बाहेर उभी.”

“अहो, तुम्ही येणार म्हणून उभी होती!” मी मध्येच बोलले.

“मी काय लग्नाला आलो होतो?” त्याला हसू आलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “ताई, बंद लिहिलंय यात तुमचंच भलं आहे. बंद गाळ्याला व्यवसाय कर नाही. वर जागा सोडायची भरपाई मिळेल. इथे रोज लोक कर कमी करा म्हणून रडायला येतात. कर लावा म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“लावा की. पण चालू म्हणून लिहा.”

“गोदामात चारशे नोकऱ्या येणार आहेत. गावाची वाढ नको का?”

“हवी. कुणाला नकोय?” वन्संचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे माना वर करून बघायला लागले. “ते चारशे अजून यायचेत, तर त्यांना दहा वर्षं कर माफ. आम्ही आहोत, रोज सकाळी दार उघडतो, तर आम्हाला दीडपट. आणि आता म्हणता, तुम्ही नाहीच! गेल्या महिन्याची माझी पावती तुमच्याच खिडकीवरची आहे. मेलेल्या माणसाकडून घेतलात का पैसे?”

साहेबाने पावती उलटून पालटून बघितली. शेवटी म्हणाला, “हरकतीचा अर्ज द्या. पंधरा दिवसांत पुन्हा मोजणी होईल. या वेळी न सांगता येईन.”

“या. या वेळी आम्ही अजिबात झाडणार नाही,” मी म्हटलं.

अर्ज देऊन परत येताना मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गाळे मोजत आले. खरंखुरं मोजलं तर काम चालू होतं नऊ ठिकाणी. दहा दारं खरोखरच बंद होती. कुणी मुलाकडे गेलेला, कुणी नोकरी शोधायला, एक तर वारलेलाच. एकाने कमी! आमची सगळी फुशारकी एका गाळ्यावर अडली.

वन्सं आठव्या गाळ्यासमोर थांबल्या. तो कुलूपवाल्याचा. गेल्या वर्षी तो लेकीकडे राहायला गेला, किल्ली आमच्याकडेच होती. वन्संनी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “खुशाल वापरा तारबाई. सध्या उंदीर वापरतायत, ते काही भाडं देत नाहीत.” तोंडावर तारबाई म्हणाला, तरी वन्सं रागावल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

घोडं अडलं ते परवान्यावर. एका माणसाला एकच गाळा, असा पालिकेचा नियम.

“तुझ्या नावावर काढू,” वन्सं म्हणाल्या.

“बरं, नावापुरतं काढा.”

“नावापुरतं कशाला? म्हणजे त्यांना खोटं आणि आपल्यालाही खोटं. झाकलेलं मशीन तुझं. दारांच्या स्प्रिंगांची ऑर्डर तुझी. कर तुझा. चालवायचं तू.”

“मी? वन्सं, मला कुठे येतंय चालवायला?”

“मग बावीस वर्षं माझ्या मागे उभी राहून काय भजी तळत होतीस?”

मला रडूच फुटलं. भीतीने की रागाने, कोण जाणे. घराच्या दाराला पाटी नवऱ्याच्या नावाची, विजेचं बिल सासऱ्यांच्या नावाचं. माझं नाव आजवर कशावर आलं नव्हतं, रेशनच्या कार्डावर सोडून. रात्री नवऱ्याला फोन केला, तर म्हणाला, “वेड लागलंय का दोघींना? लोक चालू धंदे बंद करतायत आणि तू बंद गाळ्यात नवीन धंदा काढतेस? आणि वर दुसरा कर? सगळं विका आणि इकडे या. इथे खोली आहे.”

तो बोलला यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. “तुमची खोली तुम्हाला लखलाभ,” म्हटलं आणि फोन ठेवला. सकाळी जाऊन परवान्याच्या कागदावर सही केली. करही भरला.

रविवारी दुपारी लोखंडी नळ्यांवर घरंगळवत मशीन आठव्या गाळ्यात नेलं. वेल्डिंगवाला आणि त्याची दोन माणसं ढकलायला आली. आणि मग माझी शाळा सुरू झाली. फिरत्या दांड्यावर तार वळवत न्यायची, हातात चामड्याचा तुकडा धरून ती ताणून ठेवायची. ताण सोडला की स्प्रिंग फुलते. म्हणून दांडा मापाहून बारीक घ्यायचा आणि हात एकसारखा ठेवायचा. सांगायला सोपं आहे हो! पहिल्या दिवशी माझ्या सगळ्या स्प्रिंगा फुगून बसल्या. वन्सं एकेक उचलायच्या आणि न बोलता टोपलीत टाकायच्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोटांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. सहाव्या दिवशी चांगल्या स्प्रिंगा वाईटांपेक्षा जास्त निघाल्या. तरी दहातल्या तीन टोपलीतच जायच्या.

बाराव्या दिवशी साहेब आला. पहिल्या गाळ्यापासून चालत, टिपत. मी मशीनवर होते, पण आवाजावरून कळत होतं तो कुठवर पोचला ते. आमच्या सातव्यातून बाहेर पडून तो माझ्या दारात उभा राहिला. मी मशीन थांबवलं.

“हा तर गेल्या वर्षापासून बंद आहे ना? मालक कोण?”

“मी.”

“तुम्ही? तुम्ही तर त्या दिवशी त्यांच्याबरोबर आला होतात, त्यांच्याकडे काम करता,” त्याने मान हलवली. “नाव तुमचं, मशीन त्यांचं. अशी मोजणी मला नाही लिहिता येणार.”

वन्सं त्यांच्या दारातून इकडे आल्या. त्याने हात वर केला. “तुम्ही बोलायचं नाही. यांना चालवू द्या.”

वन्सं चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे वेल्डिंगवाला, त्याच्या मागे बाकीची ओळ. मी तार लावली. मशीन सुरू केलं, निम्म्यात हात ढिला पडला, आणि स्प्रिंग सुटल्यावर अशी फुगली की कुणालाही कळावं. साहेबाने पेनाचं टोपण काढलं.

“थांबा,” मी म्हटलं. “लिहू नका अजून.”

“बाई, मला पुढे आणखी गाळे आहेत.”

“असू देत. मागच्या वेळी एका गाळ्याला दीड मिनिट दिलंत. आज जरा जास्त द्या. चुकलेली स्प्रिंग काय बंद गाळ्यात होते का?”

इतकं बोलले आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. दुसरी तार लावली. या वेळी त्याच्याकडे बघितलंच नाही. हात ताणून धरला, वळसे मोजले, शेवटी तार कापली. मापाच्या कडीत घालून बघितली, बरोबर बसली. त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली.

“एकच?”

“ऑर्डर पाचशेची आहे. पाचशे होईपर्यंत थांबणार का? स्टूल देते.”

मागे कुणीतरी खदखदून हसलं. साहेबही हसला, पण पेन कागदावर टेकवलं. “नाव सांगा.”

मी सांगितलं. माझं, वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाही, आधी माझं. त्याने ‘मालक’ लिहिलेल्या रकान्यात ते लिहिलं आणि पुढे लिहिलं, चालू.

“पुढची उघडी दारं धरली तर दहा होतात,” तो म्हणाला. “पण पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी आहे. यातला एक जरी बंद पडला तरी ओळ जाईल. आणि करात सूट मिळणार नाही, आधीच सांगतो.”

“मागितली कुणी?” मी म्हटलं. “या पुढच्या वर्षी.”

तो नवव्या गाळ्याकडे गेला, त्याच्या मागोमाग ओळही गेली. वन्सं तेवढ्या राहिल्या. आता काहीतरी बोलतील, निदान पाठीवर हात ठेवतील, म्हणून मी वाट बघत उभी होते. त्या आत आल्या. फुगलेली स्प्रिंग उचलून टोपलीत टाकली आणि दाराशी जाऊन वळल्या.

“काय हो शेजारीणबाई,” वन्सं म्हणाल्या, “मशीन का थांबलंय?”