पूजाची मुलाखत आणि बाकावरची मी

आमच्या ईट गावाहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हाच पूजानं मला तंबी दिली, "आजी, दुकानात गेल्यावर एक शब्द बोलायचा न्हाय." मी बरं म्हटलं. बरं म्हणायला काय जातं?

पूजा माझी नात. धाराशिवला मिक्सर-कुकरच्या एका मोठ्या दुकानात विक्रीच्या कामाला माणसं घ्यायची होती, त्याची मुलाखत. आधीच्या दोन हुकलेल्या. हीही हुकली तर पुण्याला आत्याकडं राहून कंपनीत पॅकिंगला जायचं, असं तिच्या बापानं ठरवून टाकलेलं. तिला गाव सोडायचं नव्हतं आणि मला तिला सोडायचं नव्हतं. मला सुईत दोरा कोण ओवून देणार?

भूमला गाडी बदलली. स्टँडवर खव्याचा वास सुटलेला, म्हणून मलाही भूक लागली. धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापून केलेले) काढायला गेले, तर दह्याचा डबा तिच्या फाईलवर कलंडला. बारावीच्या गुणपत्रिकेला दही लागलं. म्हटलं, शुभच की, लोक हातावर देतात, आपण कागदावर दिलं. पूजा हसली नाही.

पुढं डोंगरावर पवनचक्क्या गरगरत होत्या आणि ही डोळे मिटून पुटपुटत होती, "मला लोकांशी बोलायला आवडतं." कोणत्या लोकांशी गं, असं मी हळूच विचारलं. शेजारच्या काकूला हिनं आजवर व्हय आणि न्हाय याच्यापलीकडं काही ऐकवलेलं नाही.

मला वाटलेलं, बंद खोली असेल, तीन साहेब असतील. तसलं काही नाही. दुकानातच काउंटरपाशी एक साहेब, गिऱ्हाईक येतंय-जातंय, आणि त्यातच मुलाखत. तुमची लेकरं जाणार असतील तर हे सांगून ठेवा. दिवसभर उभं राहता येईल का, गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल, असं विचारतात. मग साहेब स्वतःच गिऱ्हाईक होतात आणि म्हणतात, हा मिक्सर मला विका.

पूजाच्या आधी तुळजापूरचा एक टायवाला पोरगा होता. हा मिक्सर जन्मात बिघडत नाही, असं त्यानं सांगितलं. तिथवर मी बाकावर गप्प. पण आवाजच करत नाही म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून गेलंच, "आमच्या घरी ह्योच हाय. चालू केला की शेळ्या दावं तोडत्यात."

दुकान हसलं. साहेब हसले नाहीत. पूजानं माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडात धरला. वाटलं, घालवली मी पोरीची नोकरी.

तिचा नंबर आला. तिनं मिक्सरवर हात ठेवला. मग म्हणाली, "सर, आधी खोड सांगते."

आमच्याकडं बाजारात शेळी विकताना खोड (जनावराचा वाईट गुण) आधी सांगायची, भाव नंतर. न्हायतर शेळी पुढच्या बाजारी दारात परत. हे मीच शिकवलेलं, पण शेळीसाठी.

"ह्यो लई आवाज करतो. ओलं खोबरं नीट वाटत न्हाय. पण शेंगदाण्याची चटणी दोन मिनिटांत होती, अन् तुमी परत द्यायला येणार न्हाय."

साहेब काही बोलायच्या आत मागं उभी असलेली जळकोटची एक बाई पुढं झाली. "मग ओल्या खोबऱ्याला कंचा घेऊ, बाई?" पूजा तिला दुसऱ्या फळीपाशी घेऊन गेली. बाईनं त्यातला एक घेतला. टायवाला पोरगा खोकं बांधू लागला.

साहेबांनी फाईल उघडली, दह्याचा डाग बघितला आणि शेवटचं विचारलं, "आता तुमची स्वतःची खोड सांगा."

पूजानं बोट केलं. "ती तिथं बाकावर बसलीय, सर."

आता साहेब हसले. एक तारखेपासून या म्हणाले, आणि माझ्याकडं वळून हात जोडले, "आजी, तुम्ही मात्र येऊ नका."

परतीला भूमपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आयुष्यभर बाजारात खोडी सांगत आले, पण माझी कुणी चारचौघांत सांगितली नव्हती. आणि ती सांगूनही माल खपला.

भूमला गाडी बदलली, शेजारी आमच्याकडच्या वाशीची एक बाई बसली. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.